‘अपेक्षा’ कोणाची? : अध्यक्षीय निवडणुकीच्या वृत्तलेखनाचा एक विचार

वृत्तपत्रीय गद्य साहित्यविचाराच्या कक्षेत येते की नाही, याविषयी आपल्याकडे मतभेद होऊ शकतील. परंतु त्या गद्यात निवेदक असतो, त्याला स्वतःचा दृष्टिकोण असतो, आणि हा निवेदक कधी समोर उभा राहून बोलतो तर कधी वाक्यरचनेच्या आड बसून बोलतो, एवढे मान्य करावयास कोणाची हरकत नसावी. कथा-कादंबरीतील निवेदकाची चिकित्सा पदव्युत्तर वर्गात आपण मोठ्या तपशिलाने करतो. तीच चिकित्सा रोज सकाळी दारात पडणाऱ्या मजकुराला लावून पाहिली तर काय हाती लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणात यत्न केला आहे. त्यासाठी अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचाराचे वृत्तलेखन निवडले आहे. हा प्रचार वर्षभर चालतो, त्यामुळे त्याच्या बातम्यांना कथेचा घाट येण्यास पुरेसा अवकाश मिळतो. आणि, जे अधिक महत्त्वाचे, तेथील काही वार्ताहरांनी आपल्या लेखनाची झडती स्वतःच घेऊन ठेवली आहे.

आरंभ एका साध्या वाक्यापासून करू. ‘अमुक उमेदवाराला अपेक्षेपेक्षा कमी मते पडली.’ असली वाक्ये आपण इतक्या वेळा वाचलेली असतात की त्यांत काही खटकत नाही. परंतु मराठीच्या नेहमीच्या व्यवहारात ‘अपेक्षा’ हा शब्द सहसा षष्ठीवाचून येत नाही. आईची अपेक्षा, गुरुजींची अपेक्षा, सासरच्या मंडळींची अपेक्षा. अपेक्षा म्हटली की ती बाळगणारा कोणीतरी असावयाचाच. निवडणुकीच्या बातमीत मात्र ही षष्ठी गळून पडते. अपेक्षा उरते आणि अपेक्षा करणारा नाहीसा होतो. जणू ती पावसासारखी आपोआप पडलेली, सर्वांना दिसलेली आणि मोजून ठेवलेली एखादी वस्तुस्थिती आहे. ‘मानले जाते’, ‘बोलले जाते’, ‘समजते’ या प्रयोगांचे कूळही हेच. इंग्रजी बातमीत हेच काम तेथील कर्मणि रचना करते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की प्रचाराच्या वृत्तलेखनातील खरा निवेदक हा षष्ठी गमावलेला शब्द आहे, आणि त्याने काही प्रसंगी केवळ कथा सांगितली नाही, तर ती घडविली आहे.

हे कसे शक्य होते, हे कळण्यासाठी तेथील पद्धतीचा एक विशेष ध्यानात ठेवावयास हवा. पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरविण्यासाठी निरनिराळ्या राज्यांत प्राथमिक निवडणुका होतात, आणि त्या एकाच दिवशी न होता काही महिने एकामागून एक होत राहतात. कित्येक दशके पहिला मान न्यू हँपशर या चिमुकल्या राज्याच्या प्राथमिक निवडणुकीकडे आणि १९७२ पासून त्याही आधी होणाऱ्या आयोवातील पक्षसभांकडे राहिला. या राज्यांतून निवडून येणाऱ्या प्रतिनिधींची संख्या एकंदरीत नगण्यच. पण तेथील निकालाची बातमी पुढच्या राज्यातील मतदार, देणगीदार आणि कार्यकर्ते मतदानापूर्वी वाचतात. म्हणजे पहिल्या अंकाचे परीक्षण दुसरा अंक लिहिला जाण्यापूर्वीच प्रसिद्ध होते, आणि दुसरा अंक ते परीक्षण वाचून लिहिला जातो.

या विषयावर बोलताना पहिले उदाहरण म्हणून बहुतेक जण १९४८ सालचे देतात. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने ३ नोव्हेंबर १९४८ च्या अंकाच्या पहिल्या आवृत्तीत ड्युई यांनी ट्रूमन यांना हरविल्याचा मथळा छापला, आणि विजयी ट्रूमन तोच अंक हातांत उंच धरून सेंट लुईच्या स्थानकावर हसत उभे राहिले, ते छायाचित्र जगभर गेले. छपाई कामगारांच्या संपामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर यंत्रावर चढवावा लागला होता, हेही खरे. परंतु चूक काही एका पत्राची नव्हती. ‘न्यूजवीक’ने निवडणुकीपूर्वी पन्नास राजकीय लेखकांना विचारले असता पन्नासांनीही ड्युई यांचेच नाव घेतले होते. लोकमताची चाचणी घेणाऱ्या गॅलप संस्थेने ऑक्टोबर संपण्यापूर्वीच चाचण्या थांबविल्या होत्या. ट्रूमन यांच्या आगगाडीतून हिंडणाऱ्या वार्ताहरांना गावोगावच्या स्थानकांवर जमणारी गर्दी डोळ्यांनी दिसत होती. पण निकाल ठरलेलाच आहे असे ज्याने मनाशी धरले आहे, त्याला गर्दी दिसूनही दिसत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन यांनी निकालानंतर आपल्याच संपादकांना पत्र लिहून याची कबुली दिली. ड्युई इतर राजकारण्यांच्या घोळक्यात एकटे पडले, तसे आम्हीही इतर वार्ताहरांच्या घोळक्यात एकटे पडलो, आणि चाचण्यांच्या आकड्यांना फारच भुललो, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे उदाहरण प्रसिद्ध खरे. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फारसे बोधप्रद नाही. १९४८ ची चूक मतमोजणीने उघडी पडली. भाकीत एकीकडे, मते दुसरीकडे. दोहोंची गाठ पडली आणि भाकीत खोटे ठरले. चुकीचा निर्णय करणारा पंच अखेर बाहेर होता. ज्या चुकीला मतमोजणी हात लावू शकत नाही, ती खरी विचार करावयास लावणारी, आणि तिची उदाहरणे साठोत्तर काळात सापडतात.

१२ मार्च १९६८ रोजी न्यू हँपशरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. तरीही मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना सुमारे ४९ टक्के मते दिली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे सिनेटर युजीन मॅकार्थी यांना सुमारे ४२ टक्के मिळाली. बातमी मात्र मॅकार्थींच्या विजयाची झाली. त्यांच्या बाजूचे प्रतिनिधी अधिक निवडून आले होते, हे त्या अर्थाला काहीसे पोषक होते, हे नाकारता येणार नाही. पण मथळ्यांचा भर होता तो अपेक्षेहून अधिक मिळाले यावर, आणि युद्धविरोधाची लाट उसळली या अन्वयावर. पुढे मिशिगन विद्यापीठातील फिलिप कॉन्व्हर्स आणि त्यांचे सहकारी यांनी मतदारांच्या मुलाखतींचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की तेथे मॅकार्थींना मते देणाऱ्यांत जॉन्सन युद्ध पुरेशा कठोरपणे चालवीत नाहीत म्हणून रागावलेल्यांची संख्या युद्धविरोधकांपेक्षा अधिक होती. जॉन्सन यांनी ३१ मार्चला निवडणुकीतून माघार घेतली. या माघारीला कारणे अनेक होती. परंतु न्यू हँपशरमध्ये ‘काय घडले’ याची जी कथा प्रस्थापित झाली, ती त्यांतील एक होती, यात शंका घेण्याचे कारण नाही.

चार वर्षांनी त्याच राज्यात जे घडले, ते अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. १९७२ च्या आरंभी मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की हे डेमोक्रॅटिक पक्षाचे आघाडीचे उमेदवार मानले जात होते. (या वाक्यातील ‘मानले जात होते’ हा प्रयोग प्रस्तुत लेखकालाही टाळता आला नाही, हे नमूद करणे बरे.) मँचेस्टर शहरातील ‘युनियन लीडर’ हे पत्र आणि त्याचे प्रकाशक विल्यम लोब हे मस्कींचे कडवे विरोधक. फेब्रुवारीत या पत्राने एक पत्र छापले. फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या लोकांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या एका हीन शब्दावर मस्की हसले, असा त्यात आरोप होता, आणि त्या वंशाचे मतदार न्यू हँपशरमध्ये मोठ्या संख्येने होते. त्याच सुमारास मस्कींच्या पत्नीविषयीही कुत्सित मजकूर त्या पत्राने पुनर्मुद्रित केला. २६ फेब्रुवारीला बर्फ पडत असताना मस्की त्या वृत्तपत्राच्या कचेरीसमोर एका मोकळ्या मालमोटारीवर उभे राहिले आणि लोब यांचा त्यांनी निषेध केला. पत्नीविषयी बोलताना त्यांचा कंठ दाटून आला आणि ते क्षणभर थांबले.

‘वॉशिंग्टन पोस्ट’चे डेव्हिड ब्रोडर यांनी पाठविलेल्या बातमीचा आरंभच मस्कींच्या गालांवरून ओघळणाऱ्या अश्रूंनी झाला. ते अश्रू होते की चेहऱ्यावर वितळणारे बर्फ होते? मस्की आणि त्यांचे सहकारी ते बर्फ होते असे सांगत राहिले. उपस्थितांत एकमत झाले नाही, आणि आजही निश्चित काही सांगता येत नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने प्रश्न अश्रू खरे की खोटे हा नव्हेच. खरा प्रश्न असा की ते पहिल्या वाक्यात का आले. मस्की स्वभावाने तापट आहेत, दडपणाखाली त्यांचा तोल जातो, अशी कुजबूज वार्ताहरांच्या वर्तुळात आधीपासून होती. निवडणूक-सभेतील एखादा हुंदका एरवी दहाव्या परिच्छेदात पडला असता. मनात तयार असलेल्या व्यक्तिरेखेला तो नेमका बसला, म्हणून तो शीर्षस्थानी गेला. कादंबरीकाराने असे केले तर आपण त्याला सूचक तपशिलाची निवड म्हणतो आणि त्याचे कौतुक करतो. कादंबरीकाराची व्यक्तिरेखा त्याच्या स्वाधीन असते. ब्रोडर यांच्यासमोर मालमोटारीवर जो उभा होता, तो नव्हता.

७ मार्चला मते मोजली गेली. मस्कींना ४६ टक्क्यांहून थोडी अधिक, जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७ टक्के. नऊ टक्क्यांच्या अंतराने मस्की विजयी झाले होते. परंतु मस्की शेजारच्या राज्याचे, तेव्हा त्यांना निम्म्याहून अधिक मते मिळावयास हवीत, असे माप वृत्तपत्रांनी आधीच ठरवून ठेवले होते. पन्नास ही रेषा कोणत्या कायद्यात नव्हती आणि पक्षाच्या नियमांतही नव्हती. तरीही चार टक्क्यांनी चुकलेली ती रेषाच निकालाचा विषय झाली, आणि जिंकलेल्या उमेदवाराच्या पराभवाची बातमी देशभर वाचली गेली. देणग्या आटल्या, कार्यकर्त्यांचा धीर सुटला, आणि एप्रिल संपण्यापूर्वी मस्कींनी प्राथमिक निवडणुकांतून अंग काढून घेतले. मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि नोव्हेंबरमध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले.

आता १९४८ शी तुलना करून पाहावी. ट्रूमन यांच्याविषयीचे भाकीत मतांनी खोडून काढले. मस्कींविषयीचे अनुमान मतांना खोडता आले नाही, कारण पुढची मते ते अनुमान वाचल्यानंतर पडली. मस्की दुर्बल आहेत असे छापून आले, आणि छापून आल्यामुळे ते दुर्बल झाले. तेव्हा ‘आम्ही म्हटले तेच खरे ठरले’ असे म्हणावयास वार्ताहर मोकळा राहतो. यात कोणी खोटे लिहिले असे म्हणता येत नाही, आणि हीच यातील अडचण आहे.

त्यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘वॉशिंग्टन पोस्ट’नेच असे वृत्त दिले की मस्कींविरुद्धचे ते पत्र बनावट असून निक्सन यांच्या गोटातून मस्कींना पाडण्यासाठी जे गुप्त उद्योग चालले होते, त्यांपैकी ते एक होते. ब्रोडर यांच्या मनाला हे लागून राहिले. १९८७ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, त्यांनी या बातमीवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि ही पार्श्वभूमी त्या दिवशी ठाऊक असती तर मस्कींचे चित्र आपण स्वभावदोषाचा बळी म्हणून न रंगविता एका फसवणुकीचा बळी म्हणून रंगविले असते, अशा आशयाची कबुली दिली. अशी कबुली देणारा वार्ताहर सामान्य नव्हे. पण त्या कबुलीतही एक गोष्ट शाबूत राहिलेली दिसते : मस्कींची कथा कोणती ते ठरविण्याचा अधिकार. एका कथेऐवजी दुसरी लिहावयास हवी होती, एवढेच ते म्हणतात.

अपेक्षा सर्वांची एकच का असावी, याचा उलगडा त्याच वर्षीच्या प्रचारावर टिमथी क्राउझ यांनी लिहून १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात होतो. एकाच गाडीतून प्रवास, एकाच उपाहारगृहात जेवण, तेच भाषण दिवसातून पाच वेळा ऐकणे, आणि ‘इतर पत्रांत जे आले ते आपल्याकडे का नाही’ या संपादकाच्या तारेची धास्ती. कॅलिफोर्नियातील एका वादसभेनंतर इतर वार्ताहर असोशिएटेड प्रेसच्या वॉल्टर मिअर्स यांच्याभोवती गोळा होऊन आजच्या बातमीचा आरंभ काय करावयाचा असे त्यांनाच विचारू लागले, तो प्रसंग क्राउझ यांनी गमतीने वर्णिला आहे. आपल्या परीक्षागृहातील दृश्याची आठवण यावी असा तो आहे. यात कट नव्हता. भीती होती आणि सोय होती. षष्ठी गळते ती इथे. चाळीस जणांची अपेक्षा कोणा एकाची म्हणून लिहिता येत नाही, आणि ‘आम्हा चाळीस वार्ताहरांची’ असे लिहिण्याचा धीर कोणाला होत नाही.

पुढची दोन उदाहरणे ओझरती सांगतो. जानेवारी १९७६ मध्ये आयोवाच्या पक्षसभांत सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ३७ टक्के, पाठिंबा ‘कोणीही उमेदवार नाही’ या पर्यायाला मिळाला. २८ टक्क्यांच्या आसपास असलेले जिमी कार्टर दुसरे आले. बातम्यांत विजयी ठरले ते कार्टर, आणि वर्षअखेर ते अध्यक्षपदी निवडून आले. १९९२ मध्ये न्यू हँपशरला पॉल साँगस पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरील बिल क्लिंटन यांनी त्याच रात्री आपण पुनरागमन केल्याचे स्वतःच जाहीर करून टाकले, आणि साँगस यांचा विजय झाकला गेला. येथे एक फरक दिसतो. उमेदवारांनीही हे व्याकरण आत्मसात केले होते. आपल्याविषयीची अपेक्षा आधी शक्य तितकी खाली आणून ठेवावयाची आणि मग तिच्यावर मात केल्याचे मिरवावयाचे, हे प्रचाराचे अंगच झाले.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. वार्ताहराने काय करावे? उमेदवार बोलला ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे काय? हा प्रयोग होऊन गेला आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी माणसामाणसांवर देशद्रोहाचे आरोप केले, आणि वृत्तपत्रांनी ते ‘सिनेटर म्हणाले’ एवढ्या आधारावर छापले. वस्तुनिष्ठतेच्या नावाखाली असत्याला फुकट वाहन मिळाले. त्या अनुभवाने पोळलेल्या पिढीने ठरविले की नुसते ऐकून लिहिणे हे वार्ताहराचे काम नव्हे, अर्थही सांगितला पाहिजे. प्रस्तुत लेखकाला हा निर्णय योग्य वाटतो. आक्षेप अन्वयार्थावर नाही. अन्वयार्थ करणाऱ्याने वेषांतर करण्यावर आहे. आपला कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावताना मध्येच थांबून स्वतःचे भाष्य करतो, आणि ते भाष्य बुवांचे आहे हे समोरच्या बाईमाणसांनाही कळते. कथा कोणती आणि बुवा कोण, याविषयी गल्लत होत नाही.

अर्थ सांगण्याची मुभा मिळाल्यावर ती कुठवर गेली, याचे एक माप डॅनियल हॅलिन यांनी दिले आहे. दूरचित्रवाणीच्या बातम्यांत उमेदवाराचा स्वतःचा आवाज सलग किती वेळ ऐकू येतो, हे त्यांनी मोजले. १९६८ मध्ये ही सरासरी सुमारे ४३ सेकंद होती. १९८८ मध्ये ती सुमारे ९ सेकंदांवर आली. साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर पात्राचे भाषण घटले आणि निवेदन वाढले. नऊ सेकंदांत एक मराठी वाक्य नीट होत नाही. युक्तिवाद कोठून होणार? थिओडोर व्हाइट यांनी १९६० च्या निवडणुकीवर लिहून १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक पडद्यामागच्या हकीकतींनी रंगलेले होते, आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे प्रत्येक संपादकाला आपल्या वार्ताहराने रोज तसेच लिहावे असे वाटू लागले. परंतु व्हाइट यांनी निकाल लागल्यानंतर लिहिले होते. शेवट ठाऊक असलेल्याने मागे वळून तपशील निवडले होते. शेवट ठाऊक नसताना त्याच पद्धतीने लिहावयाचे म्हणजे शेवट आधी गृहीत धरावा लागतो. १९७२ मध्ये या अनुकरणाचा अतिरेक पाहून व्हाइट यांनीच क्राउझ यांच्याजवळ खेद व्यक्त केला होता.

२०१६ साली या शब्दाला यंत्राची जोड मिळालेली होती. मतदानाच्या दिवशी हिलरी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सुमारे ८५ टक्के, ‘हफिंग्टन पोस्ट’ने ९८ टक्के आणि नेट सिल्व्हर यांच्या ‘फाइव्हथर्टीएट’ने ७१ टक्के दाखविली होती. क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त पडली, तरी निर्वाचक मंडळात त्या हरल्या. ७१ टक्के म्हणजे शंभरातील एकोणतीस वेळा पराभव, हे गणित सांगणाऱ्याने सांगितलेलेच होते. वाचकाने ते आघाडीचे अंतर म्हणून वाचले. शॉन वेस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असाच गोंधळ आढळला, आणि असे आकडे पाहिल्यावर मतदानाची इच्छा मंदावू शकते असेही दिसले. त्याच निवडणुकीतील वृत्तांची छाननी टॉमस पॅटर्सन यांनी हार्वर्डमध्ये केली. सार्वत्रिक निवडणुकीच्या काळातील वृत्तांत धोरणविषयक मजकूर सुमारे दहा टक्के होता, आणि कोण पुढे कोण मागे याचा चाळीस टक्क्यांहून अधिक. येथे अपेक्षेला पुन्हा एक षष्ठी मिळालेली दिसते, पण ती माणसाची नव्हे, ‘प्रतिमाना’ची. गृहीतके निवडणारी माणसे तिच्याही मागे होतीच.

अमेरिकी वृत्तलेखनात या सर्व प्रकाराला घोड्यांच्या शर्यतीची उपमा देतात. प्रस्तुत लेखकाला ती सदोष वाटते. प्रेक्षक कोणत्या घोड्याला पुढचा समजतात, याने घोड्याची चाल बदलत नाही. मराठी वार्ताहर कुस्तीकडे वळतो. आखाडा, शड्डू, डाव, अस्मान दाखविणे ही त्याची शब्दसंपत्ती. कुस्तीत निदान पाठ लागली की नाही हे सर्वांना दिसते. मस्कींची पाठ लागलीच नव्हती. या प्रकाराला जवळची उपमा शोधावयाचीच तर ती लग्नाच्या बाजारातील आहे : मुलीत काही खोट आहे असे गावभर झाले की स्थळे येईनाशी होतात, आणि स्थळे येत नाहीत यावरून खोट सिद्ध होते.

आपल्या दैनिकांत परदेशी निवडणुकांचे वृत्त बहुधा वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरावरून घाईघाईने मराठीत येते. या स्थित्यंतरात ‘अपेक्षे’चे काय होते, हे कोणा विद्यार्थ्याने पाहावयास हवे. इंग्रजीतील कर्मणि रचना मराठीत उतरताना कधी ‘निरीक्षकांच्या मते’ असा कर्ता नव्याने मिळतो, कधी ‘जाणकारांत चर्चा आहे’ असा अनेकवचनी पडदा लागतो, तर कधी मूळ वाक्यातील साशंकता गळून सरळ विधान होते. १९६८ आणि १९७२ च्या मार्च महिन्यांतील मराठी दैनिकांच्या संचिका ग्रंथालयांतून पाहावयास मिळू शकतील. न्यू हँपशरच्या त्या दोन निकालांचे वृत्त त्यांत ज्या वाक्यांनी दिले गेले, ती उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक ‘अपेक्षे’पुढे तिची षष्ठी लिहून पाहावी. कित्येक ठिकाणी ती लिहिता येणार नाही, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. तो चुकीचा ठरल्यास याच पत्रिकेत तसे कळवावे.